रोजची एक सुई : ॲनाकिन्रा या औषधाचा अडीच वर्षांचा अनुभव

माझ्या नातीला उचलले की ती किंचाळायची आणि खाली ठेवले की शांत व्हायची. तान्ही लेकरे याच्या नेमकी उलट वागतात, हे घरातल्या बायकांच्या लगेच लक्षात आले होते. माझी धाकटी बहीण, जी या मुलीची वडिलांकडून आजी लागते, बारशाच्या दिवशीच मला म्हणाली होती, "दादा, हिले उचललं का रडते अन् ठेवलं का उगी रायते. हिच्या हाडाले काही झालं असंन." पुढचे दोन महिने आम्ही ज्या ज्या दवाखान्यात गेलो तिथे मी हे वाक्य सांगितले, केसपेपरवर ते कुणी उतरवून घेतले नाही. निदान झाल्यावर कळले की आजाराची सर्वांत मोठी खूण तीच होती.

हा अभिप्राय ॲनाकिन्रा या इंजेक्शनाविषयी आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. वैद्यकाचे शिक्षण मला नाही, त्यामुळे डोस किंवा उपचार यांबाबत माझा शब्द प्रमाण मानू नये. परंतु मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली ती या आजारामुळे लेकरासह इथेच राहिली, आणि गेली अडीच वर्षे बहुतेक दिवशी ही सुई मीच देत आलो आहे. खेड्यातल्या घरात हे औषध कसे चालते, याबद्दल मराठीत वाचायला मिळावे असे मला तेव्हा फार वाटले होते, आणि काहीही मिळाले नव्हते; म्हणून सविस्तर लिहितो.

जन्मानंतर नवव्या दिवशी तिच्या मानेवर आणि काखेत पिवळ्या डोक्याच्या बारीक पुळ्या आल्या. शेजारच्या म्हाताऱ्यांनी "माता आली" म्हणून उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला. तालुक्याच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक सुरू केले, यवतमाळला ते बदलले, आणि नागपूरला एक्स-रेमध्ये फासळ्यांची टोके फुगलेली व मांडीच्या हाडाचा काही भाग पोखरलेला दिसला तेव्हा हाडात पू झाला आहे असे समजून त्याहून जहाल अँटिबायोटिक शिरेतून दिले गेले. पुळ्यांतला पू तपासला, रक्त तपासले, शेवटी हाडाचा तुकडाही काढून तपासला. एकाही नमुन्यात जंतू वाढला नाही. ताप तर तिला जवळजवळ नव्हताच. तरीही सीआरपी आणि ईएसआर हे सुजेचे आकडे प्रत्येक तपासणीत आधीपेक्षा जास्त येत होते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि तान्ह्या मुलाच्या हाडात पू झाल्याची शंका आली असता अँटिबायोटिक न देणे हा मोठा धोका ठरतो. पण सगळे नमुने निर्जंतुक येत असताना आणि औषधाने तसूभरही फरक पडत नसताना "हा संसर्ग नसेलच तर?" हा प्रश्न विचारायला आठ आठवडे लागले, ही गोष्ट मला आजही बोचते. तो प्रश्न अखेर एका तरुण बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारला.

आजाराचे नाव लांबलचक आहे. 'डेफिशियन्सी ऑफ इंटरल्युकिन-१ रिसेप्टर अँटॅगनिस्ट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला 'डिरा' म्हणतात. त्याचे वैद्यकीय वर्णन प्रथम २००९ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे तो ओळखीचा होऊन फार काळ लोटलेला नाही. शरीरात सूज पेटवणारा इंटरल्युकिन-१ नावाचा एक संदेशवाहक असतो आणि त्याला अडवणारे एक प्रथिनही शरीर स्वतःच तयार करते. आयएल-१-आरएन या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की हे अडवणारे प्रथिन तयार होत नाही, आणि कुठलाही जंतू नसताना कातडी व हाडे सुजेने पेटत राहतात. उपचार न मिळाल्यास बाळ दगावू शकते. त्या बाईंनी मला हे ज्या उदाहरणाने समजावले ते मी विसरणार नाही. एस.टी.च्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकतो. रुमाल प्रवास करत नाही, पण जागा अडवतो आणि दुसऱ्याला तिथे बसता येत नाही. पेशींवरच्या जागांवर असे रुमाल टाकण्याचे काम ते प्रथिन करते, आणि तुमच्या नातीकडे रुमालच नाहीत, असे त्या म्हणाल्या.

ॲनाकिन्रा म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला तोच रुमाल. ई. कोलाय या जीवाणूकडून ते बनवून घेतात, आणि माणसाच्या शरीरातील मूळ प्रथिनापेक्षा त्यात केवळ एक अमिनो आम्ल जास्त असते. मूळ औषध संधिवाताचे. अमेरिकेत त्याला २००१ साली त्यासाठी मान्यता मिळाली. पुढे २०१२ च्या अखेरीस नवजात बालकांतील अशाच प्रकारच्या एका दुसऱ्या आनुवंशिक दाहविकारासाठी आणि डिसेंबर २०२० मध्ये डिरासाठी ती मिळाली. डिराच्या मान्यतेमागील अभ्यासात अवघे नऊ रुग्ण होते, एक महिन्याच्या बाळापासून नऊ वर्षांच्या मुलापर्यंत, आणि त्या नऊही जणांची सूज पूर्णपणे शमली. नऊ हा आकडा ऐकून आमचे जावई प्रथम घाबरले होते. मला मात्र त्यातूनच धीर आला. ज्या वस्तूचा शरीरात अभाव आहे, नेमकी तीच वस्तू बाहेरून देणारे उपचार वैद्यकात फार थोडे आहेत, आणि मधुमेहातील इन्सुलिनशी मी याची मनातल्या मनात सांगड घातली.

पहिली सुई अकराव्या आठवड्यात नागपूरला दिली गेली. दुसऱ्या दिवशी नवीन पुळी आली नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या पुळ्यांच्या जागी कोरडी खपली धरली. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीने दुपटे बदलताना तिचे दोन्ही पाय एका हातात धरून वर उचलले आणि मग एकदम थांबून माझ्याकडे पाहिले, कारण लेकरू रडले नव्हते. जन्मल्यापासून ती पहिली वेळ होती. मुलीने पाय पुन्हा खाली ठेवले, पुन्हा उचलले, आणि मग तिला उराशी धरून खाटेवर बसून राहिली. सीआरपी दोन आठवड्यांत सामान्य पातळीवर आला. हाडांना अर्थातच वेळ लागला. एक्स-रेमध्ये फासळ्या सुधारलेल्या दिसायला काही महिने गेले. औषधाच्या मूळ कामाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता खेड्यातल्या बाजूने सांगतो. हे औषध मूत्रपिंडांवाटे लवकर बाहेर पडते आणि रक्तातील त्याचे प्रमाण चार ते सहा तासांत निम्म्यावर येते, म्हणून सुई रोज द्यावी लागते आणि तिला सुटी नाही. लग्न असो, पेरणी असो, घरात कुणाचे मयत असो. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, गोठू द्यायचे नाही आणि उजेडही लागू द्यायचा नाही. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि वादळ आले की रात्रभर लाईन नसते, तिथे या एका अटीभोवती सगळे घर फिरू लागते. आम्ही वेगळा लहान फ्रीज घेतला. त्यात दुधाचे पातेले, भाजी, बर्फ काहीही ठेवत नाही, म्हणजे दार दिवसातून एकदाच उघडते. त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर जोडला आणि मधल्या कप्प्यात तापमापक ठेवला. सकाळ-संध्याकाळचा आकडा मी शाळेच्या हजेरीपटासारख्या वहीत लिहितो. औषध कधीही बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण तिथे ते गोठू शकते, आणि गोठलेले औषध वितळल्यावर दिसायला ठीक असले तरी टाकूनच द्यावे लागते.

या बाबतीत आम्हाला खरे शिक्षण आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडून मिळाले. लसींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जो खास बर्फाच्या अस्तराचा फ्रीज असतो, तो दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तापमान धरून ठेवतो. आमचे औषध त्यात ठेवा अशी विनंती मी केली होती, पण त्यात लसींखेरीज काही ठेवता येत नाही हा नियम त्यांनी स्पष्टपणे सांगितला आणि मला तो पटला. त्याऐवजी त्यांनी प्रवासाची पद्धत शिकवली. फ्रीजरमधून काढलेला आईसपॅक तसाच डब्यात घालायचा नाही. तो बाहेर ठेवून त्याला घाम सुटू द्यायचा, आणि कानाजवळ हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच डब्यात लावायचा. नाहीतर औषध बर्फाला टेकून गोठते. नागपूरला तपासणीला जाताना एस.टी.चा चार-साडेचार तासांचा प्रवास आम्ही याच पद्धतीने करतो.

पोचवणाऱ्या सेवेबद्दल मात्र मला तक्रार नोंदवावीच लागेल. मागच्या वर्षी वैशाखात आमची खेप ज्या वाहतूक कंपनीकडे होती तिच्या माणसाने, गावात यायला रस्ता खराब आहे म्हणून, तालुक्याच्या एका दुकानात खोका ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन केला. मी मोटारसायकलवर तिथे पोचलो तेव्हा खोका टिनाच्या छपराखाली, पोत्यांच्या थप्पीवर होता. थर्माकोलचे झाकण काढल्यावर जेलच्या पिशव्या हाताला कोमट लागल्या, आणि आत ठेवलेल्या तापमान नोंदणाऱ्या यंत्राने एकतीस अंश दाखवला. नागपूरच्या डॉक्टरांनी ते औषध वापरू नये असे सांगितले. घरात फक्त तीन दिवसांचा साठा उरला होता आणि नवी खेप पाचव्या दिवशी आली, म्हणजे दोन सुया चुकल्या. दुसऱ्या चुकलेल्या संध्याकाळी तिच्या कानामागे चार पुळ्या आल्या होत्या आणि मी उचलायला गेलो तर तिने हात आखडून घेतले. वर्षभर माझ्या खांद्यावर खेळलेले लेकरू ते. नव्या खेपेनंतर दोन दिवसांत सर्व निवळले, पण त्यानंतर घरात किमान तीन आठवड्यांचा साठा असल्याशिवाय मला झोप येत नाही. खेप निघाली की मी आता वाहनचालकाचा नंबर मागून घेतो आणि यवतमाळला स्वतः जाऊन खोका ताब्यात घेतो. तक्रारीला कंपनीकडून दिलगिरीचे पत्र आले. वाया गेलेल्या औषधाची भरपाई मिळाली नाही.

औषधाच्या रचनेतही एक उणीव आहे. सिरिंज भरूनच येते, तिच्यात ०.६७ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. डिरासाठी सुरुवातीचा डोस किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम असतो आणि गरजेप्रमाणे तो आठपर्यंत वाढवता येतो. चार किलोच्या बाळाला म्हणून आठ मिलिग्रॅम द्यायचे झाले तर हे प्रमाण थेंबाएवढे होते, आणि ते भरलेल्या सिरिंजवरून अचूक मोजता येत नाही. रुग्णालयातील औषधनिर्मात्यांनी निर्जंतुक पद्धतीने ते बारीक सिरिंजमध्ये ओढून घ्यायला आम्हाला शिकवले. पहिले पंधरा दिवस मी पाण्यावर सराव केला. औषधात जंतू वाढू नयेत म्हणून घालावे लागणारे कोणतेही द्रव्य नाही, त्यामुळे उरलेले दुसऱ्या दिवशीसाठी ठेवता येत नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही दररोज नव्वद टक्क्यांहून जास्त औषध फेकून देत होतो, आणि तेही असे औषध की ज्यासाठी माझ्या निवृत्तीची रक्कम, जावयाच्या वाट्याची दोन एकर जमीन आणि एका धर्मादाय संस्थेची मदत खर्ची पडत होती. हा आजार तान्ह्यांचा असताना त्यांच्या मापाची सिरिंज असायलाच हवी.

सुई झोंबते, हे मान्य करावे लागेल. पहिल्या महिन्यात टोचलेल्या जागी रुपयाएवढा लाल चट्टा उठे. पुढे तो कमी होत गेला. फ्रीजमधून काढून औषध अर्धा तास आपोआप कोमट होऊ दिले तर झोंबणे कमी होते. हिवाळ्यात हा अर्धा तास आम्ही पाळतो, उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटांत भागते. जागा रोज बदलायची असते. आता कोणती मांडी हे तीच ठरवते आणि कापसाचा बोळा स्वतः धरते. मोठी काळजी संसर्गाची आणि पांढऱ्या पेशींची. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, आणि ताप आला की गावठी उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा लागतो. हे औषध चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. गोवर-रुबेलाची लस त्यांतलीच एक. नऊ महिन्यांची झाली तेव्हा आशाताई नेहमीप्रमाणे बोलवायला आल्या. डॉक्टरांनी लसीकरण कार्डावर लिहून दिलेली ओळ त्यांना दाखवली नसती तर ती लस सहज दिली गेली असती. ज्यांच्याकडे असे लेकरू आहे त्यांनी ही ओळ कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी.

आयातीच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आम्ही औषध रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवतो; त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नमुना १२-अ मध्ये अर्ज करावा लागतो आणि १२-ब हा परवाना मिळतो. केंद्राचे दुर्मीळ आजारांविषयीचे धोरण २०२१ पासून आहे आणि निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत, ज्यांत मुंबईचे केईएम आहे, ५० लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद त्यात २०२२ मध्ये झाली. धोरणाच्या यादीतील आजारांच्या औषधांवरील मूळ सीमाशुल्कही एप्रिल २०२३ पासून माफ आहे. आपल्या आजाराचे नाव यादीत कोणत्या शब्दांत आहे, हे डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत तपासून घ्यावे, कारण सगळे अर्ज त्या एका ओळीवर अडतात किंवा सुटतात.

एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहितो. माझा जावई माझा सख्खा भाचा आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही आमच्याकडची जुनी रीत, आणि ही सोयरीक मीच पुढाकार घेऊन जुळवली होती. जनुकाची तपासणी झाली तेव्हा लेकराच्या दोन्ही प्रतींत एकच दोष निघाला; नंतर माझी आणि बहिणीची तपासणी केली तर आम्हा दोघांतही तो सापडला. एक प्रत चांगली असल्यामुळे आम्हाला, माझ्या मुलीला किंवा भाच्याला आयुष्यात कधी काही झाले नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते, असे समुपदेशक बाईंनी सांगितले. दोष नेमका माहीत असल्यामुळे पुढच्या वेळी गर्भाची तपासणी करता येईल हेही सांगितले. माझी बहीण त्या दिवशी परतीच्या एस.टी.त माझ्याशी बोलली नाही. यवतमाळ आले तेव्हा मात्र तिने स्टँडवरून माझ्यासाठी चहा आणला. आमच्या भावकीत आणखी दोन लग्ने अशीच ठरायची होती, म्हणून मी हे सगळ्यांना बोलावून सांगितले. सांगताना लाज वाटली, पण त्या दोन्ही जोडप्यांनी तपासणी करून घेतली आहे.

औषध सुरू होण्याआधी जे बिघडले ते सगळे भरून आलेले नाही. डाव्या मांडीचे हाड किंचित वाकलेले आहे, उंची तिच्या वयाच्या मुलींपेक्षा कमी आहे, आणि मानेच्या मणक्यांवर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, कारण या आजारात ते एकमेकांना चिकटू शकतात. ॲनाकिन्रा सूज थांबवते. वाया गेलेले आठ आठवडे परत आणत नाही. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मात्र ती लाकडी नंदीची दोरी धरून देवळापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली, थोडी डावीकडे झुकत.

याच कुळातली दोन औषधे आहेत, त्यांच्याविषयी बरेच जण विचारतात. कॅनाकिन्युमॅब आजारानुसार चार किंवा आठ आठवड्यांतून एकदा द्यावे लागते, पण ते इंटरल्युकिन-१ च्या बीटा या एकाच प्रकाराला अडवते, आणि डिरामध्ये अल्फा व बीटा दोन्ही मोकाट असतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ते सुचवले नाही. रिलोनासेप्ट दोन्हींना पकडते, आठवड्यातून एकदाच द्यावे लागते, आणि सूज शमलेली टिकवून ठेवण्यासाठी डिराच्या रुग्णांत त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्येच मान्यता मिळाली. अट एवढीच की वजन दहा किलो किंवा त्याहून जास्त हवे. आमच्या नातीने दहा किलो गेल्या महिन्यात पूर्ण केले. डॉक्टरांनी पहिला कागद तयार केला आहे. चिठ्ठी, नमुना १२-अ, परवाना, खेप हे सगळे पुन्हा पहिल्यापासून होईल, आणि ते होईपर्यंत रोज संध्याकाळी सातची वेळ आम्ही तशीच ठेवली आहे.